पिंटोसाहेबांची सही

खेमसिंग आडे आयुष्यात कधी खोटं बोललाच नाही, असं त्याची बायकोसुद्धा म्हणणार नाही. बैलबाजारात खरं बोलायचं असेल तर माणसाने बैल घरीच बांधून ठेवावा. पण नसाबीत, म्हणजे तांड्याच्या बैठकीत, नायक म्हणून बसल्यावर त्याच्या तोंडून निघालेला शब्द आजवर फिरला नव्हता. घाटंजीच्या पुढे कच्च्या रस्त्यावरच्या वाघदरा तांड्याचं नायकपण त्याच्याकडे बापाकडून आलं होतं, बापाकडे आज्याकडून, आणि तिघांचीही मिजास एकच होती. शब्द गेला की नायक गेला.

म्हणून यवतमाळच्या वाद्यांच्या दुकानात मान वर करून त्याने भिंतीकडे पाहिलं, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन का सरकली हे कळायचं असेल, तर आधी सहीची गोष्ट कळली पाहिजे.

खेमसिंगचा एकुलता एक मुलगा ओम. शेतात बापाबरोबर राबायचा, पण जीव सगळा बेस गिटारीत. जाड जाड चार तारांची ती गिटार तो मोबाइलवर बघून बघून शिकला होता. यवतमाळला नवरात्रात दुर्गादेवीचा मोठा उत्सव असतो. तिथल्या जागरणाच्या ऑर्केस्ट्रात दोन वर्षं मागून आणलेल्या गिटारीवर वाजवायचा. खेमसिंगला या प्रकाराचा राग होता असंही नाही, त्याला त्याची किंमतच नव्हती. घरात ओम आवाज वाढवणारा अँप न लावता बोटं फिरवत बसे आणि त्यातून डासाच्या गुणगुणीएवढा आवाज येई. "याच्यापेक्षा तुयी याडी भाकर थापते तिचा आवाज मोठा येते," असं खेमसिंग म्हणे आणि पाठ फिरवी. घरात सगळे बंजाऱ्यांची गोरबोली बोलत, याडी म्हणजे आई. बाकीचं इथे वऱ्हाडीत सांगितलेलं बरं.

कापूस निघाल्यावर ओमने साठवलेल्या पैशातून स्वतःची बेस गिटार मागवली. स्वस्तातलीच. खोकं उघडल्यावर त्याच्या आईने, धुरपताबाईने, आधी खोकं ताब्यात घेतलं, कोंबडीची पिल्लं ठेवायला. खेमसिंगने गिटार उलटीसुलटी करून पाहिली. वरच्या टोकाला, जिथे तारा पिळायच्या चाव्या असतात, तिथे रुपेरी शाईत काहीतरी ओढलेलं होतं. कोंबडीने शाईत पाय बुडवून पळावं तसं.

"हे कोणं खरडलं बे नव्या मालावर?"

"सही हाय, बापू. पिंटोसाहेबायची."

"कोण पिंटो?"

ओमने मोबाइल पुढे धरला. मुंबईचे लॉरेन्स पिंटो, देशातले मोठे बेसवाले. पांढऱ्या दाढीचा माणूस मंचावर उभा, पुढे नजर पोचेल तिथवर माणसंच माणसं, आणि त्याने एक तार दाबताच सगळी उठून उभी राहिली. खेमसिंगने ते सगळं संपेपर्यंत पाहिलं. मोबाइलवर त्याने पाच मिनिटांवरचा व्हिडिओ कधी पुरता पाहिला नव्हता, हवामानाचाही नाही.

"या माणसानं सही केली?"

"त्यायचीच हाय."

"तुया गिटारीवर?"

ओमने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. बापाचे डोळे चमकत होते. ओमच्या कुठल्या वस्तूकडे पाहून ते याआधी असे चमकल्याचं ओमला आठवेना.

"हो, बापू," तो म्हणाला.

आता वकील लावून उलटतपासणी घेतली तरी यातलं एकही उत्तर खोटं ठरलं नसतं. तरीही त्या एका "हो"ने पुढचा सगळा घोळ झाला.

घोळ व्हायला आणखी एक कारण होतं आणि ते आडे घराण्याच्या कोनाड्यात पडलेलं होतं. बैलांना डाग द्यायची लोखंडी सळई. खेमसिंगच्या पूर्वजांचे लदेणीचे तांडे असत, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे. त्यांच्या प्रत्येक बैलाच्या पुठ्ठ्यावर एक खूण असे, चंद्रकोर आणि तिच्याखाली आडवी रेघ. ती खूण दिसली की समोरचा माणूस गोणी न उघडता माल उतरवून घेई. कमी भरला तर कुणाच्या दारात जायचं हे त्याला ठाऊक असे. आता बैलही गेले आणि मीठही गेलं, पण दसऱ्याला विळ्याकोयत्यांबरोबर त्या सळईची पूजा होई, आणि खूण म्हणजे माणसाने छातीवर हात ठेवून घेतलेली हमी, हे खेमसिंगच्या रक्तात भिनलेलं होतं. दुसऱ्या कुणी बापाने सहीकडे पाहिलं असतं आणि शोभेची म्हणून सोडून दिलं असतं. खेमसिंगने त्यात हमी पाहिली. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या पोरासाठी शब्द टाकला होता.

फेब्रुवारीत सेवालाल महाराजांची जयंती आली. नैवेद्याचा भोग लागल्यावर देवळापुढे भजन होतं. नगारा आणि थाळी, दुसरं वाद्य आजवर बसलं नव्हतं. ओमने विचारलं, मी शेजारी बसून बेस वाजवू का? नसाबीत म्हातारे फुरफुरले. नगाऱ्याशेजारी हे लाकूड कायले? एरवी खेमसिंगनेही हेच म्हटलं असतं, किंबहुना सगळ्यात मोठ्याने म्हटलं असतं. पण त्या दिवशी तो फेटा सारखा करून उभा राहिला.

"हिंदुस्थानातल्या सबसे बड्या बेसवाल्यानं, खुद्द पिंटोसाहेबानं, आपल्या हातानं सही करून हे गिटार माया ओमसाठी धाडली हाय. थो मानूस आपल्या पोराची जामीन घेऊन राह्यला आन आपुन नाही म्हणावं? नायक म्हणून सांगतो, पोट्टा वाजवन."

म्हातारे गप्प झाले. नायकाच्या शब्दावर कोण बोलणार? कारभारी रामलाल म्हणजे नायकाचा उजवा हात. तोंडाचा एवढा सैल की झोपेतही बोलायचा. त्याने तर तिथल्या तिथे फ्लेक्सचा मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला. आठवडाभरात तांड्याच्या तोंडाशी फ्लेक्स लागला: 'खुद्द पिंटोसाहेबांनी स्वहस्ते सही करून दिलेल्या गिटारीचे मानकरी चि. ओम खेमसिंग आडे'. शेजारी सहीचा फोटो, बैलाएवढा. ओमने तो पाहिला आणि दोन दिवस धड जेवला नाही. धुरपताबाईला वाटलं, पोराला ऊन लागलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी खेमसिंग आणि रामलाल सामान आणायला यवतमाळला गेले. नारळ, गूळ, झेंड्याचं पांढरं कापड. ओमने एक काम सांगितलं होतं. अँपची वायर कुरकुर करत होती, तेवढी नवी आणा. स्टँडच्या मागे दुकान आहे. खरं तर जायला ओमच निघाला होता, पण मंडप बांधायला माणसं कमी होती, आणि "मानकऱ्यानं वायरीसाठी कायले हिंडावं" म्हणत खेमसिंगनेच काम अंगावर घेतलं.

रामलाल बाहेर चहाला थांबला. खेमसिंग आत गेला. काउंटरवर मालकाची मुलगी निकिता होती, कॉलेजातली, चटपटीत.

"बेसची वायर पायजे," खेमसिंग ऐटीत म्हणाला. "साध्यासुध्या बेसची नाही. सहीवाल्या."

"कोणत्या सहीवाल्या, काका? पिंटो मॉडेल का?"

खेमसिंगला वाटलं, वा, कीर्ती इथवर आली! "हो, थेच. आमच्या ओमची."

"मग हीच केबल चालेल. त्याच बेसला आम्ही हीच देतो," म्हणत तिने मागच्या भिंतीकडे बोट केलं.

खेमसिंगने मान वर केली.

भिंतीवर ओमची गिटार टांगलेली होती. तिच्या शेजारी ओमची गिटार. तिच्याही शेजारी. काळ्या, लाल, आकाशी, छतापर्यंत, आणि प्रत्येकीच्या टोकाला तीच रुपेरी सही. तोच कोंबडीचा पाय, तीच शेवटची झोकदार शेपटी. एकीतही केसाचा फरक नाही.

खेमसिंगच्या कानात दडे बसले. बाहेर ऑटोवाले ओरडत होते ते ऐकू येईना. आधी त्याच्या डोक्यात एक खुळी आशा चमकून गेली, की साहेब स्वतःच इथे येऊन सगळ्यांवर सह्या करून गेले असतील. त्याने विचारलं, "पोरी, हे... साहेब इथं आलते का?"

निकिता हसली, पण त्याचा चेहरा बघून तिचं हसू जागच्या जागी थांबलं. "नाही हो काका. सही छापलेली असते. पिंटो सरांची स्वतःची बेस लाखांच्या घरातली. आपल्या पोरांना ती कुठून परवडणार? म्हणून कंपनी त्यांच्या पसंतीने ही स्वस्तातली काढते, त्यांचं नाव घालून. सिग्नेचर मॉडेल म्हणतात. लय खपते. उमरखेडला गेली, वणीला गेली, काल एक केळापूरला गेली."

"म्हंजे त्यायले आमचा ओम..."

"त्यांना कसं माहीत असेल, काका?"

तिने हे अगदी मायेने विचारलं. शिवी दिली असती तर खेमसिंगला सोपं गेलं असतं. त्याला नसाब आठवली, स्वतःचा फेटा आठवला, बैलाएवढा फ्लेक्स आठवला. उद्या पंचक्रोशीतल्या तांड्यांतून माणसं येणार होती. आणि या जिल्ह्यात घरोघरी खुद्द पिंटोसाहेबांची सही लटकत होती!

तेवढ्यात पायरीवर रामलालची चप्पल वाजली. खेमसिंग असा वळला की काउंटरवरची बासरी खाली पडली.

"तू कायले आला? भाईर थांब! भाईर!"

"अबे, चहा थंडा होऊन राह्यला तुया..." म्हणत रामलाल आत आलाच. खेमसिंगने दोन्ही हात पसरून भिंत झाकायचा प्रयत्न केला, पण एक माणूस किती भिंत झाकणार? रामलालने त्याच्या खांद्यावरून वर पाहिलं. डावीकडून उजवीकडे पाहिलं. मग पुन्हा उजवीकडून डावीकडे. त्याचं तोंड उघडलं. खेमसिंगने डोळे मिटून घेतले. आता हा इथूनच बोंब मारणार आणि ती थेट वाघदऱ्यात ऐकू जाणार.

रामलाल म्हणाला, "चाल. एसटी सुटन."

एसटीत रामलाल खिडकीशी बसला आणि घाटंजी येईपर्यंत अक्षर बोलला नाही. कंडक्टरने ओळखीने विचारलं, "काय कारभारी, तब्येत बरी नाही काय?" तरी नाही. खेमसिंगला वाटत होतं, याने शिव्या द्याव्यात, हसावं, मांडीवर थाप मारून म्हणावं की नायका, कसा उल्लू बनलास. रामलालचं गप्प बसणं त्या भिंतीपेक्षा भयंकर होतं. तांड्याच्या फाट्यावर उतरल्यावर, फ्लेक्सच्या खाली उभं राहून, रामलालने झेंड्याचं कापड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"मले मोतीबिंदू हाय," तो म्हणाला. "दोन्ही डोयात. दुकानात मले काईच दिसलं नाही."

"रामलाल..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, नायका. तू झाक. मी काई बोलनार नाही." आणि आयुष्यात पहिल्यांदा रामलाल दिलेलं वचन पाळेल असं त्याच्याकडे बघून वाटत होतं.

घरी ओम अंगणात अँप पुसत होता. खेमसिंगने वायर त्याच्या पुढ्यात टाकली.

"किती हायेत रे तशा?"

ओमला काय ते लगेच कळलं. त्याचा चेहरा उतरला. "हजारो असतीन, बापू."

"आन साऱ्यायवर सही?"

"साऱ्यायवर."

"तुले मालूम होतं. म्या नसाबीत उभा राहून बोललो तवा तू तिथंच बसून होता. मालूम होतं तुले!" खेमसिंगने हात उगारला. "पोटच्या पोरानं बापाले भर तांड्यात खोटं बोलू देलं. काहून रे? म्या तुयं काय बिघडवलं होतं?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावलं तरी ओरडायचं कुणाच्या नावाने? धुरपताबाई चुलीवरून उठून दारात आली, पण मध्ये पडली नाही.

ओमने पुढ्यातली वायर उचलून गुंडाळली. मग म्हणाला, "सांगनार होतो, बापू. त्याच दिवशी सांगनार होतो. पन तुमी गिटार हातात घेतली नं, पैल्यांदा. त्याच्या आंधी कदी घेतली नोती. तुमी त्या सहीकडं पाहून राह्यलते, मले वाटलं माह्याकडं पाहून राह्यले. मंग तोंडच उघडलं नाही."

खेमसिंगने ओमवर उगारलेला हात कधी खाली आला हे त्यालाच समजलं नाही. तो ओसरीवर बसला. राग होताच, पण त्या रागाच्या बुडाशी दुसरंच काहीतरी लागलं होतं आणि ते बोचत होतं. मुंबईच्या एका अनोळखी माणसाने छापील शाईत सांगितलं, तेव्हा त्याने स्वतःच्या पोराकडे पाहिलं होतं. तेही खोटंच निघालं. मग उरलं काय?

जयंतीचा दिवस उजाडला. देवळावर नवा पांढरा झेंडा चढला. आजूबाजूच्या तांड्यांची माणसं ट्रॅक्टरमधून उतरू लागली आणि उतरणारा प्रत्येक जण फ्लेक्सपाशी थांबून वाचत होता. ओम मंडपाच्या कडेला गिटार मांडीवर घेऊन बसला होता, कुणी फाशी द्यायला बसवल्यासारखा. घरून निघताना खेमसिंग कोनाड्यापाशी थबकला आणि त्याने डागाची सळई उचलून काखोटीला मारली. कशासाठी, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हातात धरायला काहीतरी घरचं हवं होतं. ओमने मात्र ती सळई पाहिली आणि गिटार छातीशी ओढून घेतली. बापू गिटार फोडणार.

भोग लागला, अरदासची प्रार्थना झाली, जय सेवालालचा गजर झाला. नगाऱ्यावर रामलाल बसला. आता भजन सुरू व्हायचं, तोच खेमसिंग मध्ये येऊन उभा राहिला. रामलालने नगाऱ्यामागून डोळ्यांनी खुणावलं. झाक, झाक. हात दाखवून अवलक्षण कायले?

"भायांनो, बायांनो," खेमसिंग म्हणाला. त्याने फ्लेक्सच्या दिशेने बोट केलं. "थे फ्लेक्स झूट हाय."

मंडपात कुणीतरी हसलं, नायक गंमत करतो आहे असं समजून.

"सही छापलेली हाय. तशी गिटार यवतमायच्या दुकानात भिंतभर टांगली हाय, ज्याले पायजे त्यानं घ्यावी. पिंटोसाहेब आपल्या ओमले ओयखत नाही. वाघदरा कुठी हाय, हे बी त्यायले मालूम नाही. म्या न समजता बोललो, पन बोललो नायक म्हणून. माया शब्द खोटा निघाला."

आता कुणी हसेना. धुरपताबाई कडेला तीन दगडांच्या चुलीवर लापशीची मोठी कढई ढवळत होती. तिचा हात थांबला. ओमने मान गुडघ्यात घातली. शेवटी एक म्हातारा काठी टेकत उठला. नसाबीत सगळ्यात आधी फुरफुरला होता तोच.

"नायका, शब्द फिरला तं फिरला, दंड काय थे मागून पाहू. पन आज या पोट्ट्यानं नगाऱ्यापाशी बसाचं कोनाच्या भरवशावर? जामीन कोन?"

प्रश्न सरळ होता आणि रीतीचा होता. खेमसिंगने उत्तर शोधायला इकडे तिकडे पाहिलं. रामलाल खाली बघत होता. हाताला सळईचं थंड टोक लागलं. चंद्रकोर, खाली आडवी रेघ.

तो चालत चुलीपाशी गेला आणि सळई त्याने कढईखालच्या निखाऱ्यांत खुपसली.

"काय करून राह्यले तुमी?" धुरपताबाई पुटपुटली. लोखंड तापायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ अख्खा मंडप नुसता बघत राहिला, कारण काय चाललं आहे ते कुणाच्याच लक्षात येईना. बैल तर कुठे दिसत नव्हता.

टोक लाल झालं. खेमसिंगने सळई उपसली, मंडपात आला आणि ओमपुढे उकिडवा बसला.

"उलटी कर."

"बापू, नोको! बापू, पाया पडतो..."

"उलटी कर, बेटा."

ओमच्या हातांनी कसं ऐकलं कोण जाणे. गिटारीची काळी चकचकीत पाठ वर आली आणि खेमसिंगने त्यावर सळई टेकवली. रंग तडतडला, फुगला, जळक्या प्लास्टिकचा घाणेरडा धूर निघाला आणि त्यामागून लाकडाचा वास आला. बाया किंचाळल्या. रामलालच्या हातातली टिपरी नगाऱ्यावर पडून भलतीकडेच उडाली.

खेमसिंगने सळई उचलली. काळ्या रंगात चंद्रकोर उमटली होती, खाली आडवी रेघ, थोडी वाकडी.

"जामीन मी," तो म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला. "आडेचा डाग हाय. माल खोटा निघाला तं माया दारात या."

म्हाताऱ्याने वाकून डाग पाहिला. मग काठी आडवी ठेवून खाली बसला. बसला म्हणजे हरकत संपली, हे तांड्यात सगळ्यांना समजतं.

ओमने जळलेल्या जागेवर बोट फिरवलं आणि चटका बसून मागे घेतलं. डोळे पाण्याने भरले होते. धुराने की कशाने, कुणी विचारलं नाही. नवी वायर त्याने एका टोकाने गिटारीत खोचली, दुसऱ्या टोकाने अँपमध्ये. रामलालने टिपरी शोधून आणली आणि नगाऱ्यावर पहिला ठोका दिला. थाळी खणखणली. मग ओमने जाड तार ओढली.

खेमसिंग तेव्हा चुलीकडे सळई टेकवायला निघाला होता. तो जागच्या जागी थांबला. आवाज कानातून आलाच नव्हता, तळपायांतून आला होता. जमिनीतून वर चढून पोटऱ्यांत, पोटात, बरगड्यांत भरला, आणि नगाऱ्याचा ठोका त्या आवाजावर असा बसला की इतकी वर्षं नगारा एकटाच पडला होता असं वाटावं. त्याने वळून पाहिलं. मघाचा म्हातारा मान हलवत होता. ओमने डोळे मिटले होते आणि त्याची बोटं तारांवरून शांतपणे चालत होती. डासासारखी गुणगुण करणारी ती हीच बोटं होती. घरात. अँपशिवाय. आणि अँपसकट ऐकायला खेमसिंग कधी गेलाच नव्हता. ज्याची जामीन घेतली तो माल त्याने स्वतःही आजच पहिल्यांदा पाहिला होता.

तो धुरपताबाईपाशी येऊन उभा राहिला. ती दर नवरात्रात तांड्यातल्या बायांबरोबर एसटीने यवतमाळच्या देव्या बघायला, जागरणाला जायची. एकदा त्याला चाला म्हणाली होती; तो गेला नव्हता.

"हे तू आयकलं होतं?" त्याने विचारलं.

"दोन सालापासून आयकून राह्यली," धुरपताबाई लापशी ढवळत म्हणाली. "तुमी कुठी होते?"